सातवी वायर

सोसायटीनं जुनी स्कॉर्पिओ घेतली,
कोण्या ठेकेदाराची; सीटला अजून त्याच्या अत्तराचा वास.
वनमाला दिघोरेनं ती माझ्या शेडपुढं लावली,
खाली उतरली, म्हणाली,
मिस्त्री, हिच्यामागं तळं बांधाचं आहे.

तळं म्हणजे ट्रॉली. ट्रॉलीवर टाकी.
टाकीत सहाशे लिटर पाणी, पाण्यात बोटुकली:
रोहू, कतला, थोडी मिरगल.
साकोलीहून निघायचं, बोडी बोडी फिरत
प्रत्येकीत आपापला वाटा सोडायचा.

मी गोणपाट टाकून खाली सरकलो.
मोरेश्वर बंपरवर टिचकी मारून म्हणाला, इथंच मारू दोन वेल्ड?
बंपर म्हंजे मिशी रे.
मिशीले धरून मानूस उचलते का कोनी?
हाड शोध.

गंज खरवडल्यावर चेसी लागली.
सहा बोल्ट, पाना कट् म्हणेपर्यंत.
मग गोळा, लिंबाएवढा,
ग्रीस लावल्याबरोबर शेडमधली ट्यूबलाइट
अख्खी पोटात घेऊन बसला.

वनमाला विचारते, वढंल ना?
वढते त कोनतीबी गाडी, बाई. थांबवते कोन, ते इचारा.
तुमी ब्रेक माराल, गाडी आयकंल.
पान्याले कोन सांगंल?

म्हणून टाकीत आडवे पत्रे घातले, भोकं पाडून,
शेताला धुरे असतात तसे.
पाणी धावत येतं, धुऱ्याशी थबकतं,
मग भोकाभोकानं, लाजल्यासारखं, पुढं जातं.

रेशनच्या दुकानातून काटा आणला, ट्रॉलीचं नाक त्यावर टेकवलं.
नाक हलकं, तर ट्रॉली रस्त्यावर शेपटी हलवते.
नाक जड, तर गाडीची पुढची चाकं जमीन विसरतात.
टाकी चार बोटं पुढं. दोन बोटं मागं.
पंच्याऐंशी किलो. बस.
साखळ्या फुलीत बांधल्या,
गोळा सुटलाच कधी, तर दांडा फुलीच्या झोळीत पडावा.

आता वायरी. डावं, उजवं, ब्रेक, टेल, रिव्हर्स
आणि अर्थ.
अर्थ सैल राहिला की डावं दाबलं तरी सगळंच मिणमिणतं,
मागच्याला काही कळत नाही
बाई कुठं वळणार आहे.

चहाच्या बाकावर दसाराम, वनमालाचा बाप.
तो जिरे हंडीत आणायचा, गोंदियाच्या पॅसेंजरनं,
रात्रभर हात हंडीत, पाणी हलवत.
हात झोपला की मासा मेला.
एकदा तुमसरच्या अलीकडं डोळा लागला होता,
त्यापुढचं तो सांगत नाही.

म्हणाला, हवा कोन मारंल यायले?
मी त्याला सातवी वायर दाखवली, लाल,
पंपाची.
त्यानं ती चिमटीत धरली,
नाडी पाहतात तशी,
आणि काही बोलला नाही.

पुढं जाणं सोपं. मागं जाताना
ट्रॉली ऐकत नाही, कोपरात मुडपते.
हात चाकाच्या खालून धरा, मी ओरडलो,
तिले जिकडं न्याचं, हात तिकडं!
पहिल्यांदा बाभळीत गेली. दुसऱ्यांदा
मोरेश्वरनं उडी मारली म्हणून वाचला.
तिसऱ्यांदा वनमालानं काच खाली केली,
आरशात पाहिलं,
आणि माझ्याकडं पाहणं बंद केलं.

सांजेला बोडीच्या पारीवर
ती टाकी उलटी, हळू, पाण्याच्या काठाला लागली.
पंप बुडबुडत होता.
तरी दसारामनं झाकण सरकवलं,
बाही वर केली, हात आत घातला
आणि हलवत राहिला,
मासे सोडून होईपर्यंत.

परतताना डावं दिवं लागलं नाही.
अर्थ सुटला असंल कुठं.
सकाळी पाहू.